खेतवाडीतला पोटमाळा

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर, छपाईसाठी थोडा नीटनेटका करून)



सुरुवातीलाच एक कबुली देतो. भाषणाचा विषय मी समितीला कळवला, आणि त्याच रात्री आपल्या एका ज्येष्ठ सभासदांचा फोन आला. म्हणाले, "अहो, आपण पैसे गोळा करतोय ते मुंबईला उपचारासाठी येणाऱ्या कॅन्सर पेशंटांच्या राहण्याची सोय व्हावी म्हणून. आणि तुम्ही बोलणार कोणावर, तर बिड्या विकणाऱ्या, बिड्या ओढणाऱ्या आणि शेवटी घशाच्या कॅन्सरनेच गेलेल्या माणसावर? दुसरा कोणी संत मिळाला नाही का तुम्हाला?"

प्रश्न अगदी रास्त आहे. ते आज समोर दुसऱ्या रांगेत बसले आहेत, आणि हसताहेत. काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न मी शेवटी करणार आहे. तोवर थोडा धीर धरा.

माझा जन्म खेतवाडीतला. ज्यांना गिरगाव माहीत आहे त्यांना खेतवाडीच्या गल्ल्या सांगायला नकोत. एका बाजूला लॅमिंग्टन रोड, दुसऱ्या बाजूला गिरगाव, चालत ग्रँट रोड स्टेशन. आता लोक या गल्ल्या ओळखतात त्या गणपतींमुळे. आम्ही राहायचो चाळीत, दोन खोल्या, सार्वजनिक नळ, सकाळी बादल्यांची रांग. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, छापखान्यात कंपोझिटर होते. दिवसभर खिळे जुळवायचे आणि संध्याकाळी गॅलरीत उभं राहून बिडी ओढायची, हा त्यांचा नेम.

1970 नंतरची गोष्ट. मी शाळेत होतो. आमच्या भागात अधूनमधून गोरे लोक दिसायला लागले. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, हातात पत्ता लिहिलेला कागद. आम्हा पोरांना गाठून विचारायचे, "महाराज? महाराज?" आम्ही त्यांना घेऊन दहाव्या गल्लीत जायचो, एका घराकडे बोट दाखवायचो आणि पळायचो. आमची समजूत अशी, की हे हिप्पी असणार आणि वाट चुकून इकडे आले असणार. घरी येऊन दादांना विचारलं तर ते म्हणाले, "ते बिडीवाले कांबळी. मी पूर्वी त्यांच्याच दुकानातून बिड्या घ्यायचो. हिशेबाला चोख माणूस. आता ज्ञान सांगतात म्हणे." विषय संपला. आमच्या घरी ज्ञानापेक्षा हिशेब चोख असणं मोठं होतं.

त्या घरात रस्त्यापासून काही पावलांवर, अरुंद जिन्याने चढून जायचा एक पोटमाळा होता. भिंतीवर संतांचे, गुरूंचे फोटो, उदबत्तीचा वास, आणि वीस-तीस माणसं दाटीवाटीने बसलेली. तिथे एक म्हातारा मराठीतून बोलायचा. त्याचं बोलणं जगभर गेलं आहे, हे मला कळलं ते पुढे कितीतरी वर्षांनी, आणि तेही इथे, न्यू जर्सीत.

मी 1987 साली या देशात आलो. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली असतील. बाहेर बर्फ पडत होता, ऑफिसातली निम्मी माणसं आलीच नव्हती, आणि मी एका अमेरिकन सहकाऱ्याबरोबर कॅफेटेरियात जेवायला बसलो होतो. अबोल, सज्जन माणूस. डब्यातली भाजी बघून त्याने विचारलं, मुंबईत कुठला? मी म्हटलं, तुला सांगून काय कळणार, खेतवाडी म्हणून एक भाग आहे. त्याच्या हातातला चमचा थांबला. तो उठला, आपल्या टेबलाकडे गेला आणि एक जाडजूड पुस्तक घेऊन आला. कोपरे दुमडलेले, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा. 'आय ॲम दॅट'. वर फोटो होता त्या म्हाताऱ्याचा. नाव, श्री निसर्गदत्त महाराज.

तो मला विचारत होता, तू त्यांना पाहिलंस? ऐकलंस? आणि मी काय सांगणार? की मी लोकांना जिन्यापर्यंत सोडायचो आणि पळून जायचो! त्याने दुसरा प्रश्न विचारला तो मला अजून आठवतो. म्हणाला, हे सगळं इंग्रजी भाषांतर आहे, ते मुळात मराठीत बोलायचे. इथे हा जो 'कॉन्शसनेस' शब्द आहे, त्याला ते काय म्हणायचे? मंडळी, मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलो, तरी मला सांगता आलं नाही. त्या दिवशी मला खरंच शरम वाटली. पुस्तक त्याच्याकडून मागून घेतलं आणि वाचायला लागलो. म्हणजे बघा, माझ्या गल्लीतला माणूस मला माझ्या भाषेतून भेटला नाही. तो अटलांटिक ओलांडून, इंग्रजीतून, एका अमेरिकन माणसाच्या हातून भेटला.

आता त्यांच्या आयुष्याबद्दल सांगतो. जन्म 17 एप्रिल 1897 चा, मुंबईतला. मुंबईत प्लेगचं थैमान चालू होतं तो काळ. हनुमान जयंतीचा दिवस, म्हणून नाव ठेवलं मारुती. वडील शिवरामपंत कांबळी, आई पार्वतीबाई. वडील मुंबईत घरकाम करणारे गरीब नोकर होते, नंतर मालवणजवळच्या कांदळगावात थोडीशी शेती करू लागले. मारुती तिथेच वाढला. गुरं राखणं, शेतातली कामं, शिक्षण जेमतेम. पण वडिलांचे एक मित्र होते, विष्णू हरिभाऊ गोरे नावाचे, धर्मावर आणि जीवनावर बोलणारे. त्यांचं बोलणं हा मुलगा कान देऊन ऐकायचा. सगळी शाळा म्हणाल तर एवढीच.

1915 साली वडील गेले. घरात आई आणि भावंडं. कोकणातल्या कुठल्याही घरात तेव्हा जे व्हायचं तेच झालं. आधी थोरला भाऊ मुंबईला आला, मागोमाग 1918 च्या सुमारास मारुती आला. आधी एका ऑफिसात किरकोळ कारकुनी केली, पण ती मानवली नाही. मग छोटं दुकान काढलं, मुख्यतः बिड्यांचं. धंदा चांगला चालला, एकाची आठेक दुकानं झाली. 1924 साली सुमतीबाईंशी लग्न झालं, तीन मुली आणि एक मुलगा झाला. इथवर सांगण्यासारखं काहीच नाही. आपल्या आजोबांच्या पिढीत असे कितीतरी मारुती मुंबईत आले, दुकानं काढली, पोरं शिकवली आणि गेले.

त्यांचे एक मित्र होते, यशवंतराव बागकर. त्यांनी 1933 च्या सुमारास मारुतीला आपल्या गुरूंकडे नेलं. गुरू म्हणजे सिद्धरामेश्वर महाराज, सोलापूर जिल्ह्यातल्या पाथरीचे. इंचगिरी संप्रदायातले. आता हा संप्रदाय म्हणजे काय, तेही दोन मिनिटांत सांगतो. आपल्यापैकी जत, सोलापूर, विजापूरकडची मंडळी आहेत, त्यांना ही नावं घरची वाटतील. जत तालुक्यातल्या उमदीचे भाऊसाहेब महाराज, त्यांचा मठ विजापूर जिल्ह्यातल्या इंचगिरीला. मराठी आणि कानडी एकाच घरात बोलली जाते असा तो सगळा मुलूख. नवनाथांची परंपरा सांगणारा, पण दासबोध रोज वाचणारा हा संप्रदाय. याच भाऊसाहेब महाराजांचे एक शिष्य म्हणजे गुरुदेव रा. द. रानडे, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुढे अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू. महाराष्ट्रातल्या संतांवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ 1933 साली निघाला. आणि नेमक्या त्याच सुमाराला, त्याच परंपरेच्या दुसऱ्या शाखेत, खेतवाडीतला एक बिडीवाला दाखल होत होता. एका घराण्यात कुलगुरू आणि बिडीवाला दोघंही! मला याची फार गंमत वाटते.

या संप्रदायात दोन वाटा सांगतात. एक पिपीलिका मार्ग, म्हणजे मुंगीची वाट. नाम घ्यायचं, ध्यान करायचं, झाडाच्या बुंध्यापासून एकेक पाऊल टाकत फळापर्यंत जायचं. दुसरा विहंगम मार्ग, म्हणजे पाखराची वाट. थेट फळावरच उतरायचं, विचाराच्या बळावर. सिद्धरामेश्वर महाराजांचा भर या दुसऱ्या वाटेवर. त्यांनी मारुतीला सांगितलं ते थोडक्यात असं: तू स्वतःला जो समजतोस तो तू नाहीस. 'मी आहे' एवढी जी जाणीव आहे, ती धरून बस, तिचा उगम कुठे ते बघ.

यात नवीन काय, असं तुम्ही म्हणाल. दासबोधात हेच आहे, हरिपाठ म्हणणाऱ्या आजीलाही हे ठाऊक होतं. खरं आहे. नवीन एवढंच, की या दुकानदाराने ते मानलं. गुरूंनी सांगितलंय ना, मग ते खरं असणार, असं धरून तो गल्ल्यावर बसल्या बसल्या, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, त्या जाणिवेकडे लक्ष देत राहिला. गुरूंचा सहवास जेमतेम तीन वर्षांचा. 9 नोव्हेंबर 1936 ला सिद्धरामेश्वर महाराज गेले. वाळकेश्वरला बाणगंगेवर त्यांची समाधी आहे. गुरूंची प्रवचनं मारुतीने त्या काळात उतरवून ठेवली होती, ती पुढे मराठीत पुस्तकरूपाने निघाली. म्हणजे जेमतेम शिकलेल्या माणसाने वही-पेन्सिल घेऊन शेकडो पानं लिहिली. आपल्यापैकी किती जणांच्या हातून हे होईल?

गुरू गेल्यावर मारुतीचं मन संसारातून उडालं. 1937 साली बायको-मुलं, दुकानं, सगळं सोडून तो निघाला. देश फिरला, हिमालयाची ओढ होती. आणि इथे मला ही कथा खरी सुरू होते असं वाटतं. वाटेत एक गुरुबंधू भेटला. त्याच्याशी बोलताना मारुतीला पटलं, की पळून जाण्यात काही नाही. आसक्ती सोडून आपलं काम करत राहणं, हेच जास्त मोलाचं. आणि तो परत फिरला. 1938 मध्ये खेतवाडीत आला तेव्हा धंद्याची वाताहत झाली होती, सगळ्यातून एक दुकान उरलं होतं. त्याने म्हटलं, पुरे आहे. आणि त्या एका दुकानात बसला.

मंडळी, आपल्या पुराणांत, सिनेमांत, कीर्तनात घर सोडून जाणाऱ्याची गोष्ट सांगतात. परत आलेल्याची गोष्ट कोणी सांगत नाही. परत येणं अवघड असतं. लोक हसतात. बायकोसमोर उभं राहावं लागतं, उधारी फेडावी लागते. आणि त्या बायकोचं काय झालं असेल? आठ महिने घरात पुरुष नाही, मुलं लहान, दुकानं बंद पडताहेत. सुमतीबाईंबद्दल पुस्तकांत दोन ओळींपलीकडे काही सापडत नाही. महाराजांचं मोठेपण सांगताना त्या माउलीला विसरू नये, असं मला वाटतं. 1940 च्या दशकात त्या गेल्या, पाठोपाठ एक मुलगी गेली. हे दुःखही त्याच खेतवाडीत, त्याच दुकानात बसून सोसलं गेलं.

1951 पासून त्यांनी इतरांना उपदेश द्यायला सुरुवात केली. 1966 साली दुकानातून निवृत्त झाले. पण पोटमाळ्यावरची बैठक थांबली नाही. रोज बोलणं, रोज भजन, टाळ-झांजांसह. फी नाही, आश्रम नाही, वर्गणी नाही. आलेल्या माणसाला ते फार दिवस थांबूही द्यायचे नाहीत. तुला काय कळायचं ते कळलं, आता जा, दुसऱ्याला जागा दे, असा खाक्या. भांडल्यासारखं बोलायचे, मधेच हसायचे, मधेच बिडी पेटवायचे. आणि ते स्वतः कधी अमेरिकेत आले नाहीत. ज्यांना हवं होतं ते त्या जिन्यावरून वर गेले.

गेलेल्यांत अमेरिकन बरेच होते. जीन डन नावाच्या अमेरिकन बाई तिरुवण्णामलैहून खेतवाडीला येत राहिल्या. शेवटच्या वर्षांतली बोलणी त्यांनी संपादित केली, आणि ती पुस्तकं इथे निघाली. जॅक कॉर्नफिल्डसारखे, पुढे इथे बौद्ध ध्यानाचे मोठे शिक्षक झालेले लोक तिथे बसून गेले. प्रश्न इंग्रजीत यायचा, दुभाषा तो मराठीत सांगायचा, महाराज मराठीत उत्तर द्यायचे, पुन्हा इंग्रजी. दुभाष्यांमध्ये सौमित्र मुल्लरपट्टण होते, बँक ऑफ इंडियाचे प्रमुख राहिलेले रमेश बाळसेकर होते. कल्पना करा, एका मोठ्या बँकेचा निवृत्त प्रमुख बिडीवाल्याच्या बाजूला मांडी घालून बसलाय आणि त्याचा शब्द न् शब्द भाषांतरित करतोय!

पण हे सगळं जगापुढे आणलं ते एका वेगळ्याच माणसाने. त्याच्यावर मी थोडा वेळ घेणार आहे. मॉरिस फ्रिडमन. वॉर्साचा ज्यू इंजिनिअर. 1930 च्या दशकात म्हैसूरच्या दिवाणांनी, सर मिर्झा इस्माईल यांनी त्यांना बंगलोरच्या सरकारी विजेच्या कारखान्यासाठी बोलावलं. हा माणूस भारतात आला आणि भारताचाच झाला. रमण महर्षींकडे गेला, गांधीजींकडे गेला, कृष्णमूर्तींकडे गेला. गांधीजींनी त्याचं नाव ठेवलं भारतानंद. चरख्यापेक्षा सोपी, स्वस्त अशी धनुष तकली त्याने तयार केली, इंजिनिअरच तो! आणि आपल्या साताऱ्याकडच्या लोकांसाठी खास सांगतो: औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, 1939 साली आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली, ग्रामपंचायतींचं राज्य आणलं, त्या घटनेमागे गांधीजी आणि अप्पासाहेब पंत यांच्याबरोबर हा फ्रिडमन होता. याच संस्थानात स्वतंत्रपूरची कैद्यांची मुक्त वसाहत झाली, जिच्यावरून पुढे गदिमांनी कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी 'दो आँखें बारह हाथ' काढला. पुढे 1959 नंतर तिबेटी निर्वासित आले तेव्हा त्यांच्या मदतीसाठीही फ्रिडमन धावला.

असा हा माणूस उतारवयात मुंबईत खेतवाडीचा जिना चढला. बोलणी टेप केली, भाषांतर केलं, आणि 1973 साली मुंबईच्या 'चेतना' प्रकाशनाने 'आय ॲम दॅट' काढलं. पुढे फ्रिडमन मुंबईतच वारले. 1982 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमच्या एकॉर्न प्रेसने अमेरिकन आवृत्ती काढली. माझ्या सहकाऱ्याच्या हातात होती ती हीच.

आता थोडं माझ्या शरमेच्या प्रश्नाबद्दल. मुंबईहून एका मित्राने मला महाराजांच्या बोलण्याची एक कॅसेट आणून दिली. गाडीत लावली. आणि काय सांगू! पुस्तकातले ते गंभीर, जड इंग्रजी शब्द कुठच्या कुठे गेले. हा तर आमच्या चाळीतल्या कुठल्याही म्हाताऱ्याचा आवाज! माझ्या कानाला तर त्यात मालवणी हेलही लागला. 'कॉन्शसनेस'ला ते काय म्हणतात? 'जाणीव'. 'बीइंग'ला? 'असणेपण'. भाजीवाल्याला कळतील असे शब्द. दुसऱ्या दिवशी मी सहकाऱ्याला ते म्हणून दाखवले. त्याने चार वेळा उच्चार केला, 'जा-णीव, जा-णीव', आणि वहीत लिहून घेतला. माझ्या मराठीचा इतका आदर मी कुठेच पाहिला नव्हता.

आणि आता काकांच्या प्रश्नाकडे येतो.

1994 च्या जानेवारीत दादांच्या घशाचा कॅन्सर कळला. चाळीस वर्षांच्या बिड्या. माझे ग्रीनकार्डचे कागद अडकलेले, रजा मिळेना, शेवटी मी पोचलो तो एप्रिलमध्ये. तोवर ऑपरेशन झालं होतं, आवाज गेला होता. खिळे जुळवणारा माणूस आता शाळेच्या पाटीवर लिहून बोलायचा. मी त्यांच्या उशाशी बसलो. मी नुकताच ते पुस्तक दुसऱ्यांदा वाचून संपवलं होतं, डोकं सगळं त्याने भरलेलं. त्यांना त्रास होत होता आणि मला काहीतरी मोठं, धीराचं बोलायचं होतं. म्हणून मी म्हटलं, "दादा, आपल्या गल्लीतले ते महाराज सांगायचे, आपण म्हणजे हा देह नाही. दुखतंय ते देहाला. तुम्ही ते बघणारे आहात."

दादांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग पाटी घेतली, सावकाश, कंपोझिटरच्या सुंदर अक्षरात लिहिलं: "आधी पाणी दे."

मंडळी, मी उठलो. चमच्याने पाणी दिलं. त्यांच्या ओठांच्या कडेने थोडं ओघळलं ते पुसलं. पुन्हा दिलं. त्या रात्री मला झोप आली नाही. लाज वाटत होती. तीन महिने उशिरा आलेला मुलगा, आणि येऊन बापाला वेदांत सांगतोय! तो वेदांत त्यांच्यासाठी नव्हताच मुळी. माझा उशीर मला टोचू नये म्हणून मी तो वापरत होतो.

दादा जूनमध्ये गेले. मी तेव्हा परत इकडे आलो होतो.

त्यानंतर मी महाराजांच्या शेवटच्या काळाबद्दलचं मिळेल ते वाचलं. 1980 मध्ये त्यांना घशाच्या कॅन्सरचं निदान झालं. वय 83. आवाज बसत चालला, वेदना होत्या. 1981 च्या उन्हाळ्यापर्यंत माणसं येत होती आणि ते जमेल तेवढं बोलत होते. 8 सप्टेंबर 1981 ला, 84 व्या वर्षी, त्याच खेतवाडीत गेले. आजार देहाला आहे, मला नाही, असं ते सांगायचे. आणि ते त्यांना शोभत होतं, कारण ते स्वतःच्या घशाबद्दल बोलत होते. मी दुसऱ्याच्या घशाबद्दल बोललो. सगळा फरक तिथे आहे. 'मी देह नाही' हे स्वतःला सांगायचं असतं, आणि तेही गल्ल्यावर बसून, वर्षानुवर्षं. दुसऱ्याला पाणी द्यायचं असतं.

हे महाराजांच्या शिकवणीच्या विरुद्ध आहे का? मी बराच विचार केला. मला तसं वाटत नाही. त्यांचं आयुष्य बघा. हिमालयाची वाट धरली होती, आणि ते दुकानात परत आले. घर चालवलं, मुलांचं केलं. आणि त्यांचं बोलणं ज्याने जगाला दिलं तो फ्रिडमन बघा. आयुष्यभर कोणाकोणासाठी राबला: सूत कातणाऱ्यांसाठी, औंधच्या शेतकऱ्यांसाठी, परक्या देशातून आलेल्या निर्वासितांसाठी. 'देह खोटा' म्हणून तो घरात बसला नाही. त्या पोटमाळ्यावर सगळ्यांत लक्ष देऊन ऐकणारा माणूस हा असा होता. मला वाटतं, ऐकणं खरं झालं की माणूस असाच होत असावा.

बिडीचं म्हणाल काका, तर मी तिची वकिली करणार नाही. तंबाखूने माझा बाप नेला. महाराजांनाही तिने सोडलं नाही. ज्ञान झालं म्हणून घसा वाचत नाही. कोणी भक्त म्हणेल, ती त्यांची लीला. मी म्हणेन, ती त्यांची सवय होती आणि ती वाईट होती. त्यांच्याकडून घ्यायचं ते घ्यावं, बिडी तिथेच ठेवावी. आज हॉलबाहेर पार्किंगमध्ये उभं राहून सिगरेट ओढणारे दोन-तीन तरुण मला येताना दिसले. बाळांनो, तुमच्यासाठीच बोलतोय बरं का.

आणि म्हणूनच हा विषय मी आजच्या दिवसासाठी घेतला. तुमच्यापैकी जे परळला गेले असतील त्यांनी पाहिलं असेल: मोठ्या हॉस्पिटलांच्या भोवती फुटपाथवर माणसं राहिलेली असतात. कोकणातून, विदर्भातून, बिहार-बंगालमधून आलेली. एका पिशवीत रिपोर्ट, दुसऱ्या पिशवीत स्टो आणि भांडी. उपचार मिळतो, पण सहा-सहा महिने राहायचं कुठे? पेशंट आत, आणि त्याचा मुलगा बाहेर रस्त्यावर झोपलेला. त्यांच्यात कांदळगावचाही कोणी असेल. त्यातला प्रत्येक मुलगा आपल्या बापाजवळ वेळेवर पोचलेला आहे, मी पोचलो नव्हतो. त्याला फक्त रात्री डोकं टेकायला छप्पर हवंय, आणि बापाला द्यायला स्वच्छ पाणी.

आपण सगळे लांब आलेलो आहोत. आपल्यापैकी अनेकांच्या मनात तो उशीर असतो, कोणी बोलत नाही एवढंच. महाराज परत फिरले, तसं आपल्याला फिरता येईलच असं नाही. घरं इथे झाली, नातवंडं इथे झाली. पण जिथे आहोत तिथल्या गल्ल्यावर बसून आपलं काम करता येतं. आणि ज्याचा घसा कोरडा पडलाय त्याला पाणी पाठवता येतं, इथूनसुद्धा.

माझा तो सहकारी आता निवृत्त झालाय. आजच्या कार्यक्रमाचं त्याला सांगितलं, तर त्याने चेक पाठवला. मेमोच्या जागी त्याने इंग्रजी अक्षरांत एकच शब्द लिहिलाय. 'जाणीव'. स्पेलिंग चुकलंय, पण मी ते दुरुस्त करणार नाही.

पाकिटं मागच्या टेबलावर आहेत, चहाच्या शेजारीच. चहा नंतर घेतला तरी चालेल.

आधी पाणी देऊ या.